विजेचं बिल कोणत्या राज्याचं?

दरवर्षी फेब्रुवारीत सूरजकुंडला हस्तकला मेळा भरतो. १९८७ पासूनची ही प्रथा. दिल्लीत राहणारी मराठी कुटुंबंही मुलाबाळांना घेऊन हौसेनं तिथे जातात. कुणी मातीचे दिवे घेतं, कुणी चादरी, कुणी नुसतीच जिलेबी खाऊन परततं. मेळ्याचं मैदान हरियाणात, फरिदाबाद जिल्ह्यात आहे, पण दिल्लीची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. याच परिसरात, अरवलीच्या उतारावर, २०२१ च्या पावसाळ्यापर्यंत एक मोठी वस्ती होती हे त्या गर्दीतल्या किती जणांना ठाऊक असेल? तिचं नाव होतं खोरी गाव. सुमारे दहा हजार घरं, आणि माणसं एक लाखाच्या आसपास.

नावात गाव असलं तरी हे गाव नव्हतं. अरवलीच्या दगडाच्या खाणी जोरात होत्या, त्या काळात म्हणजे १९७०-८० च्या दशकांत खाणमजूर इथे येऊन राहिले. दिल्लीतल्या बंगल्यांना, रस्त्यांना, पुलांना लागणारी खडी यांनी फोडली. पुढे पर्यावरणाच्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये या भागातल्या खाणकामावर बंदी घातली आणि खाणी थांबल्या. बंदी योग्यच होती, डोंगर पोखरून निघत होता. पण खाण बंद झाली म्हणून खाणीवरचा माणूस हवेत विरून जात नाही. तो तिथेच राहिला. कुणी रिक्षा चालवू लागला, कुणी गवंड्याच्या हाताखाली गेला. बायका आसपासच्या नव्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करू लागल्या. मग बिहार, उत्तर प्रदेश, बंगालकडून आलेली आणखी कुटुंबं इथे येऊन टेकली, कारण दिल्लीत त्यांना परवडेल अशी जागाच नव्हती.

जमीन विकणारे दलाल होते. मुखत्यारपत्रावर, साध्या करारावर पन्नास गज, शंभर गज असे तुकडे विकले गेले. घेणाऱ्यांनी पोटाला चिमटा काढून, गावाकडचं शेत विकून, बायकोचे दागिने मोडून पैसे भरले. ज्या जमिनीचा सौदा होत होता ती १९०० च्या पंजाब भू-संरक्षण कायद्याखाली राखलेली जमीन होती, तिथे घर बांधायला मुळात परवानगीच नव्हती. हे दलालाला ठाऊक असणार. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना नव्हतं. ज्यांना ते कळायला हवं होतं, त्या सरकारी खात्यांच्या डोळ्यांदेखत एक एक खोली करत दहा हजार घरं उभी राहिली.

पाणी टँकरचं, तेही विकतचं. खासगी टँकरवाला येई, ड्रमच्या हिशेबानं पैसे घेई. पिण्याचं पाणी वेगळं विकत आणावं लागे. वीज अनेक घरांत सीमेपलीकडून, दिल्लीच्या बाजूनं तारा ओढून खासगी माणसं पुरवत आणि मन मानेल त्या दरानं युनिटचे पैसे वसूल करत. मुलं दिल्लीच्या शाळेत, कामधंदा दिल्लीत, अनेकांची ओळखपत्रंही दिल्लीच्या पत्त्याची. पायाखालची जमीन मात्र हरियाणाची. वर्षानुवर्षं यातलं काही कुणाला खटकलं नाही. ते खटकलं घर गेल्यावर.

तीन कागदांचा प्रश्न

७ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही वनजमीन सहा आठवड्यांत मोकळी करण्याचा आदेश दिला. करोनाची दुसरी लाट नुकती ओसरत होती. कामधंदे बंद पडलेले, शाळा बंद. जुलैच्या मध्याला, ऐन पावसाळ्यात, बुलडोझर आले. इतक्या मोठ्या संख्येनं माणसं आणि सुमारे वीस हजार मुलं बेघर होतील, असं सांगत संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क तज्ज्ञांनी ही पाडापाडी थांबवण्याचं जाहीर आवाहन केलं. त्याचा उपयोग झाला नाही. काही आठवड्यांत होत्याचं नव्हतं झालं.

यानंतर फरिदाबाद महापालिकेनं पुनर्वसनाची योजना पुढे आणली. डबुआ कॉलनी आणि बापू नगर इथे केंद्राच्या जुन्या योजनेतून बांधलेल्या, पण वर्षानुवर्षं रिकाम्या पडलेल्या इमारती होत्या. त्यांतल्या सदनिका या लोकांना द्यायच्या ठरलं. पण सर्वांना नाही. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं आणि तीनपैकी एक तरी पुरावा हवा: बडखल विधानसभा मतदारसंघाच्या यादीत १ जानेवारी २०२१ पर्यंत कुटुंबप्रमुखाचं नाव, नाहीतर हरियाणा सरकारचं परिवार ओळखपत्र, नाहीतर दक्षिण हरियाणा वीज वितरण निगमची वीजजोडणी.

पहिल्यांदा वाचताना या अटी अगदी रास्त वाटतात. हरियाणा सरकार घर देणार, तर माणूस हरियाणाचा असल्याचा पुरावा मागणारच. पण खोरीतल्या बाईच्या बाजूनं पाहिलं की गोष्ट वेगळी दिसते. ज्या वस्तीला हरियाणानं अधिकृत वीज पोहोचवली नाही, तिच्याकडेच हरियाणाचं वीजबिल मागितलं जात होतं. बिल नाही, कारण मीटर नाही. मीटर नाही, कारण वस्ती अनधिकृत. आणि आता बिल नाही म्हणून घरही नाही! ज्यांनी रेशनसाठी, मुलांच्या शाळेसाठी दिल्लीचं कार्ड काढलं होतं, त्यांची तर आणखीच पंचाईत. त्या कार्डानं इतकी वर्षं तांदूळ-गहू मिळाला, त्याच कार्डानं ते हरियाणाच्या यादीत परके ठरले.

सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं तात्पुरत्या वाटपासाठी आधार कार्डही ग्राह्य धरावं असं सांगितलं, तेव्हा काहींना थोडा दिलासा मिळाला. तोवर अनेक कुटुंबं पांगली होती.

पैशांचंही पाहा. सदनिकेची किंमत ३ लाख ७७ हजार ५०० रुपये ठेवली होती. मूळ योजनेप्रमाणे सुरुवातीला १७ हजार भरायचे आणि मग महिना अडीच हजार, पंधरा वर्षं. पुढे हप्ता कमी करून मुदत वाढवण्यात आली. घर हाती येईपर्यंत सहा महिने दर महिना दोन हजार रुपये भाडं मिळणार होतं. अडीच हजार हा आकडा मध्यमवर्गीय घरात केबल, मोबाइल आणि एखाद्या सिनेमात संपतो. पण दोन-तीन घरी भांडी घासून महिन्याचा मेळ घालणाऱ्या बाईसाठी तो एका घरचा संपूर्ण पगार असू शकतो. आणि डबुआ कॉलनी तिच्या कामाच्या घरांपासून दूर. घर मिळवताना काम सुटणार असेल तर हप्ता भरायचा कशातून?

त्याच डोंगरावरचा दुसरा निवाडा

खोरीपासून फार दूर नाही, याच अरवलीत कांत एन्क्लेव्ह नावाची वसाहत होती. ही गरिबांची नव्हती. आखीव प्लॉट, रुंद रस्ते, बंगले. ती उभारणाऱ्या कंपनीला हरियाणा सरकारच्या नगररचना खात्याकडून परवानग्या मिळाल्या होत्या. प्लॉट घेणाऱ्यांत निवृत्त अधिकारी, व्यावसायिक अशी सुशिक्षित मंडळी होती. पण ही जमीनही त्याच १९०० च्या कायद्याखाली राखलेली. ११ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं इथली बेकायदा बांधकामं पाडण्याचा आदेश दिला.

इथवर दोन्ही गोष्टी सारख्या आहेत. पुढे त्या वेगळ्या होतात. कांत एन्क्लेव्हच्या निकालात प्लॉटधारकांनी गुंतवलेली रक्कम कंपनीनं १८ टक्के व्याजासह परत करावी, असं न्यायालयानं सांगितलं. ज्यांनी घर बांधलं होतं त्यांना प्रत्येकी ५० लाख रुपये भरपाई, आणि ती कंपनी व सरकारचं नगररचना खातं यांनी निम्मी निम्मी द्यायची. त्या बंगल्यांच्या किमतीच्या मानानं काही मालकांना ही रक्कम अपुरी वाटली, आणि आयुष्याची कमाई घातलेलं घर पडताना पाहणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये. तरीही पन्नास लाख भरपाई घेणं आणि पावणेचार लाखांच्या सदनिकेचे हप्ते पंधरा वर्षं भरणं, या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

असं का झालं? न्यायाधीशांचा दुजाभाव असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण खरं कारण वेगळं आहे. कांत एन्क्लेव्हच्या मालकाजवळ नोंदणीकृत खरेदीखत होतं. त्याच्या फसवणुकीत सरकारचा हात होता हे कागदावर दाखवता येत होतं. खोरीतल्या माणसाची फसवणूकही तितकीच झाली होती, सरकारची डोळेझाकही तितकीच होती, पण डोळेझाक केल्याचा दाखला कोणतंही खातं देत नसतं.

पुढे २०२२ च्या जुलैमध्ये न्यायालयानं या कायद्याखालच्या खास अधिसूचित जमिनी म्हणजे जंगलच असं स्पष्ट केलं आणि त्यावरची सर्वच बेकायदा बांधकामं हटवायला सांगितलं. अरवलीत फार्महाऊस आहेत, लग्नाचे हॉल आहेत. खोरी पाडायला आदेशानंतर काही आठवडे पुरले होते. अनंगपूर भागातल्या फार्महाऊसांवर मोठी कारवाई सुरू व्हायला जून २०२५ उजाडला.

सीमेच्या अलीकडे

आता समजा, खोरी गाव थोडं उत्तरेला, दिल्लीच्या हद्दीत वसलं असतं तर? वनजमिनीचा प्रश्न तिथेही आला असता, पण नियम वेगळे लागले असते. दिल्ली सरकारच्या २०१५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात १ जानेवारी २०१५ ही झोपडीसाठीची अंतिम तारीख आहे, आणि वस्ती १ जानेवारी २००६ पूर्वीची असावी लागते. सरकारच्या यादीत अशा ६७५ वस्त्या आहेत. वेगवेगळे दहा-बारा प्रकारचे पुरावे चालतात. २०१९ मध्ये शकूर बस्तीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की आधी पाहणी, पुनर्वसनाचा विचार आणि रहिवाशांशी बोलणी, त्यानंतरच पाडापाडी. अशोक विहारमध्ये ३ जानेवारी २०२५ रोजी झोपडपट्टीवासीयांना १,६७५ नव्या सदनिका दिल्या गेल्या, तेव्हा प्रत्येक कुटुंबाचा वाटा होता १ लाख ४२ हजार रुपये आणि पाच वर्षांच्या देखभालीसाठी ३० हजार. फरिदाबादच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. एकाच राजधानी क्षेत्रात, एकाच प्रकारच्या माणसाला.

याचा अर्थ दिल्लीच्या बाजूला सगळं आलबेल आहे असा कुणी घेऊ नये. कालकाजीत २०२२ मध्ये तीन हजार चोवीस सदनिका तयार झाल्या. त्यात पात्र ठरलेल्यांना घरं मिळाली. अपात्र ठरलेल्यांच्या झोपड्या जून २०२५ मध्ये पाडल्या गेल्या. पात्र-अपात्र ठरवणारे कागद इथेही होतेच.

दिल्लीत नुसतं दिल्लीकर असून चालत नाही, कोणत्या प्रकारच्या वसाहतीत राहता यावर बरंच काही ठरतं. दिल्ली सरकारच्याच २००८-०९ च्या आर्थिक पाहणीत एक तक्ता आहे. त्यात शहराच्या वसाहतींचे आठ प्रकार मोजले आहेत: झोपडपट्ट्या, जाहीर गलिच्छ वस्त्या, अनधिकृत वसाहती, नियमित केलेल्या अनधिकृत वसाहती, पुनर्वसन वसाहती, ग्रामीण गावं, शहरी गावं आणि नियोजित वसाहती. सन २००० च्या अंदाजानुसार नियोजित वसाहतींत राहणारे होते फक्त २३.७ टक्के! म्हणजे राजधानीतल्या दर चार माणसांपैकी तिघांचं घर आराखड्याबाहेरचं, किंवा पूर्वी बाहेरचं आणि मागाहून आत घेतलेलं. नळ, गटार, रस्ता हे त्या एका माणसाच्या घरापासून सुरू होतात आणि बाकीच्या तिघांकडे जमेल तसे पोहोचतात.

दक्षिण दिल्लीतलं संगम विहार हे याचं ठळक उदाहरण. लाखोंची वस्ती, पण अनधिकृत. वर्षानुवर्षं पाणी कूपनलिकांचं नाहीतर टँकरचं. इथून जवळच सैनिक फार्म आहे. तीही अनधिकृत वसाहत, फक्त श्रीमंतांची. २०१९ मध्ये संसदेनं कायदा करून दिल्लीतल्या १,७३१ अनधिकृत वसाहतींतल्या रहिवाशांना मालकी हक्क देण्याचं ठरवलं, तेव्हा सैनिक फार्मसारख्या ६९ सधन वसाहती वगळल्या गेल्या. संगम विहारच्या लोकांना आनंद झाला असेल. पण कागदावर मागे पडलेल्या सैनिक फार्ममध्ये तहान कुणाला लागली नाही. जमिनीत खोल बोअर घेण्याची ऐपत असली की नळाची वाट पाहावी लागत नाही.

फुकट, पण कुणाला?

दिल्लीच्या मोफत पाण्या-विजेची चर्चा महाराष्ट्रातही खूप झाली. मार्च २०१५ पासून महिना २० हजार लिटर पाणी फुकट, ऑगस्ट २०१९ पासून २०० युनिटपर्यंत वीज फुकट आणि ४०० युनिटपर्यंत निम्मी सवलत. कुणी याला रेवडी म्हटलं, कुणी गरिबांची कणव. २०२५ मध्ये सरकार बदललं, तरी नव्या सरकारनं त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ही सवलत चालू ठेवली.

वादाच्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडते. पाणी फुकट आहे ते मीटर असलेल्या नळाचं. ज्याच्या दारात नळच नाही, तो टँकरचं पाणी विकत घेतो, किंवा सरकारी टँकरसमोर पहाटेपासून डबे लावून त्याची बाई उभी राहते. तिची दिवसाची मजुरी बुडते, तिचा हिशेब कोणत्याच बिलात येत नाही. शहरात पाण्याला सर्वांत जास्त पैसे तोच मोजतो, ज्याला ते सर्वांत कमी मिळतं.

विजेचंही तेच. समजा, एका इमारतीत पाच भाडेकरू कुटुंबं आहेत. प्रत्येकाचा वापर महिन्याला १०० युनिट. प्रत्येकाचं स्वतंत्र मीटर असेल तर पाचही जणांचं बिल शून्य. पण घरमालकाचं एकच मीटर असेल तर वापर होतो ५०० युनिट. सवलतीची मर्यादा ओलांडली, संपूर्ण बिल लागलं, आणि मालक ते युनिटमागे आपल्या दरानं भाडेकरूंकडून वसूल करतो. वापर तोच, पंखा तोच, बल्ब तोच. भाडेकरूंसाठी २०१९ मध्ये वेगळ्या प्रीपेड मीटरची योजना जाहीर झाली खरी, पण त्यासाठी भाडेकरार किंवा भाडेपावती हवी. एका खोलीच्या भाडेकरूला लेखी करार करून देणारे घरमालक किती असतात, हे पुण्या-मुंबईच्या चाळींत राहिलेल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

दिल्लीची पूर्वेकडची हद्द ओलांडली की उत्तर प्रदेश. दिल्ली, नोएडा आणि गाझियाबाद यांच्या सांध्यावर खोडा कॉलनी आहे. २०११ च्या जनगणनेत तिथे जवळजवळ एक लाख नव्वद हजार लोक होते. एका बाजूला नोएडाच्या काचेच्या कचेऱ्या, दुसऱ्या बाजूला दिल्लीचा मयूर विहार. गंगेच्या कालव्याचं पाणी नोएडाला जातं, गाझियाबादच्या उंच सोसायट्यांना जातं, सोनिया विहारच्या जलशुद्धीकरण केंद्रातून दिल्लीलाही जातं. खोड्याच्या लोकांनी मात्र वर्षानुवर्षं कूपनलिकेवर दिवस काढले, भूजल खाली गेल्यावर विकतच्या पाण्यावर. इथली बाई रस्ता ओलांडून नोएडात स्वयंपाक करायला जाते, तिथे तिला नळाखाली भाजी धुवायला पाणी असतं.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळ १९८५ पासून अस्तित्वात आहे. सारा प्रदेश एकत्र आखावा, दिल्लीवरचा भार आसपासच्या गावांनी वाटून घ्यावा, हा त्याचा हेतू. माणसं त्याप्रमाणे वागली. ती फरिदाबादला राहिली, गाझियाबादला राहिली आणि रोज दिल्लीत कामाला आली. पण जमीन आणि पाणी हे राज्यांचे विषय. माणूस दररोज दोन राज्यांत जगतो, त्याचे हक्क मात्र एकाच राज्यात, आणि तेही कागद असेल तर.

कालव्याकाठची वसाहत

कागद असला म्हणजे सगळं मिळतं असंही नाही. २००४ मध्ये यमुनेच्या काठावरची यमुना पुश्ता ही जुनी वस्ती उठवली गेली. ज्यांच्याजवळ पुरावे होते त्यांना शहराच्या पार वायव्य टोकाला बवाना इथे जागा मिळाली. १९९० पूर्वीचा पुरावा असेल तर १८ चौरस मीटर, १९९८ पर्यंतचा असेल तर साडेबारा चौरस मीटर, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. बैठकीच्या खोलीत अंथरायचा मोठा गालिचा याहून फार लहान नसतो. तेही मालकीनं नव्हे, ठरावीक मुदतीच्या परवान्यावर, आणि त्यासाठी सात हजार रुपये भरून.

पुश्त्यातल्या बायका चालत कामाला जात. बवान्याहून त्याच घरी जायचं तर जाण्यायेण्यात तीन-चार तास आणि बसचं भाडं. अनेकींची कामं सुटली. घर मिळालं आणि मिळकत गेली, हा व्यवहार सरकारी हिशेबात पुनर्वसन म्हणून जमा होतो.

याच बवान्याच्या वसाहतीजवळून मुनक कालवा जातो. हरियाणातून दिल्लीला पिण्याचं पाणी आणणारा हा मुख्य कालवा. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात दिल्ली पाण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेली होती. जुलै २०२४ मध्ये मध्यरात्री या कालव्याचा बांध फुटला आणि पाणी वसाहतीच्या गल्ल्यांत शिरलं. दिल्लीच्या नळांना जाणारं पाणी त्या रात्री या लोकांच्या दारात आलं ते असं, गुडघाभर.

आता वाचकांपैकी काहींना वाटेल, की हे झोपडपट्टीवाल्यांचं झालं, आपण तर बँकेचं कर्ज काढून, वकिलाकडून कागद तपासून घर घेतो. नोएडा-ग्रेटर नोएडात आम्रपाली समूहाच्या प्रकल्पांत घर घेतलेल्या ४२ हजारांवर कुटुंबांनाही असंच वाटत होतं. त्यांनी पैसे भरले, इमारती अर्ध्यावर थांबल्या. जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समूहाची रेरा नोंदणी रद्द करून राहिलेलं काम सरकारी बांधकाम कंपनीकडे सोपवलं, तोवर अनेकांनी दहा दहा वर्षं एका हातानं भाडं आणि दुसऱ्या हातानं कर्जाचा हप्ता भरला होता. नोएडात आणखीही हजारो कुटुंबं अशी, जी घरात राहायला गेली पण घर नावावर झालं नाही, कारण बिल्डरनं प्राधिकरणाची थकबाकी भरली नव्हती. राहायचं स्वतःच्या घरात, पण नोंदणी नसल्यामुळे विकता येत नाही. घर पाहावं बांधून म्हणतात, नोएडात नुसतं नावावर करून पाहावं!

महाराष्ट्राला हे सगळं नवं नाही. मुंबईच्या झोपडीत फोटोपास किती जपून ठेवतात, पावसात पहिल्यांदा तो प्लॅस्टिकच्या पिशवीत कसा घातला जातो, हे सर्वांना माहीत आहे. अंतिम तारीख १९९५ ची, मग २००० ची, मग पैसे भरून २०११ ची, अशी निवडणुकांबरोबर सरकत गेली. पण मुंबईत एक गोष्ट वेगळी घडली. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठानं सांगितलं की १ जानेवारी २००० नंतरच्या बेकायदा झोपड्यांत राहणाऱ्यांनाही पाणी नाकारता येणार नाही. हवं तर जास्त दर लावा, नळ घराघरात देऊ नका, पण पाणी द्या. पाणी दिलं म्हणून झोपडी कायदेशीर होत नाही, हेही न्यायालयानं त्याच दमात स्पष्ट केलं. निकालानंतरही अंमलबजावणीसाठी समितीला महापालिकेचे उंबरठे झिजवावे लागले, तो भाग वेगळा. पण जमिनीचा हक्क आणि नळाचा हक्क या दोन गाठी निदान एका निकालात तरी सोडवल्या गेल्या. खोरीत त्या एकमेकींत इतक्या घट्ट अडकल्या होत्या की वीजबिल नाही म्हणून घर नाही, अशी वेळ आली.

खोरी पडल्यावर सदनिका न मिळालेली कुटुंबं कुठे गेली? काही गावी परतली. बरीचशी जवळपासच भाड्यानं राहिली, लक्कडपूरला, लाल कुवाँला, प्रल्हादपूरला, कारण कामाची घरं तिथून जवळ. त्यांतल्या काहींनी या धावपळीत राज्याची सीमाही ओलांडली, आणि फुकट विजेच्या दिल्लीत पोहोचली. तिथे भिंतीवर मीटर आहे. बिल घरमालकाच्या नावावर येतं.